झिजेची बखर

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी एक काम न चुकता होते. फराळाची कढई शेगडीवर चढण्यापूर्वी मी तेलाची बुधली घेऊन घरभर हिंडतो. दारांच्या बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या, शिवणयंत्र, विहिरीवरचा रहाट, मुलाची सायकल, जे जे म्हणून फिरते, घासते आणि कुरकुरते, त्या प्रत्येकाला थेंब थेंब तेल मिळते. "आधी यांच्या बिजागऱ्यांचे अभ्यंगस्नान, मग आपले!" अशी आमच्या सौभाग्यवतींची दरवर्षीची थट्टा ठरलेली आहे. मी ती हसण्यावारी नेतो. या रिवाजामागे एक जुनी गोष्ट आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. या लेखाच्या ओघात ती सांगून टाकावी असे मनात आहे.

निमित्त घडले ते गेल्या दिवाळीत. माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. पोरगा धातुशास्त्र शिकून संशोधन करतो. चिवड्याची बशी बाजूला सारून त्याने खिशातून रुपयाहून जराशी मोठी अशी एक करडी चकती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चकतीवर वाटोळी, बारीक, चकचकीत अशी एक चाकोरी उमटली होती.

"गुरुजी, ही माझी चार वर्षांची मेहनत."

"एवढीशी?"

"एवढीशीच. ही चकती फिरवत ठेवायची आणि वरून पोलादाची एक खुंटी वजन देऊन दाबून धरायची. तासन्‌तास. आधी वजन करायचे, नंतर वजन करायचे. जेवढे कमी भरले तेवढी झीज."

चकतीचा धातू ॲल्युमिनियम होता आणि त्यात चिमूटभर ग्राफीन मिसळलेले होते. धातू कमी झिजावा म्हणून ही सगळी खटपट. मी चाकोरीवरून बोट फिरवले मात्र, आणि मला पस्तीस वर्षांपूर्वीचा एक तापलेला आस आठवला. पोरगा निघून गेला तरी ते काही मनातून जाईना. मी मॅट्रिकच्या, म्हणजे आताच्या दहावीच्या, पुढे गेलेला माणूस नव्हे. शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरी वर्षभर मिळेल ते वाचले, त्या पोराला पत्रांनी आणि फोनने भंडावून सोडले, आणि त्यातून ही झिजेची बखर जमा झाली. राजांच्या बखरी आपण पुष्कळ वाचल्या. ही चाकांची आहे.

* * *

बखरीचे पहिले पान इजिप्तमध्ये आहे. देर अल-बर्शा येथे जेहुतीहोतेप नावाच्या एका प्रांताधिकाऱ्याची कबर आहे, सुमारे ३९०० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर एक चित्र होते. एक अवाढव्य पुतळा लाकडी घसरगाडीवर बसवला आहे आणि माणसांच्या रांगाच्या रांगा दोर खांद्यावर घेऊन तो वाळूतून ओढीत आहेत. गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला एक माणूस उभा आहे आणि पुढच्या वाळूवर घड्यातून पाणी ओतीत आहे. पुष्कळ काळ पंडितांना वाटे की हे धार्मिक विधीचे पाणी असावे. पुढे २०१४ साली अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिकांनी प्रयोगशाळेत वाळू पसरली, छोटी घसरगाडी ओढून पाहिली, आणि बेताचे पाणी शिंपडले की ओढण्याचे श्रम जवळजवळ निम्म्यावर येतात असे दाखवून दिले. कोरडी वाळू गाडीपुढे ढिगाने साचते. ओलसर वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, म्हणून ती घट्ट राहते आणि गाडी सरकते. पाणी फार झाले तर पुन्हा चिखल. तेव्हा पाणी ओतणाऱ्या त्या माणसाला जे ठाऊक होते ते कळायला पंडितांना बराच काळ लागला. त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. पुतळ्याच्या धन्याचे नाव मात्र राहिले.

दुसरे पान इटलीतले. लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) हा आपल्याला चित्रकार म्हणून माहीत. पण त्याच्या वह्यांत ठोकळे, दोऱ्या, कप्प्या आणि वजने यांच्या आकृत्या भरलेल्या आहेत. ठोकळा आडवा ठेवा की उभा, तो ओढायला लागणारे बळ सारखेच. मात्र त्याचे वजन दुप्पट केले तर बळही दुप्पट लागते, हे त्याने ताडले होते. पण वह्या वह्यांतच राहिल्या. छापल्या गेल्या नाहीत. ज्ञान तोंडातून बाहेर पडले नाही की त्याची काय गत होते, याचा हा एक दाखला.

म्हणून जवळजवळ दोनशे वर्षांनी फ्रान्समधल्या गिय्योम आमोंताँ यास हाच नियम नव्याने शोधावा लागला. हा गृहस्थ लहानपणापासून बहिरा. १६९९ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध मांडला. वजन वाढले तर घर्षण वाढते हे सभासदांना पटले. पण घासणारा पृष्ठभाग लहान असो की मोठा, घर्षण तेच, हे काही केल्या पटेना. शेवटी पुन्हा प्रयोग करून पाहिले, तेव्हा बहिऱ्याचेच खरे निघाले.

त्यानंतर आला कूलोम. विजेच्या नियमामुळे शाळेतल्या मुलांना हे नाव ठाऊक असते. मूळचा हा लष्करी इंजिनिअर. वेस्ट इंडीजमधल्या मार्तिनीक बेटावर किल्ला बांधण्यात आठ वर्षे काढून, प्रकृती गमावून तो मायदेशी परतला. जहाजांचे दोर, कप्प्या आणि सरकते लाकूड यांच्या घर्षणावर त्याने रॉशफोर बंदरात प्रयोग केले आणि १७८१ साली अकादमीचे बक्षीस मिळवले. त्याची कल्पना अशी की, वरून गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही मुळात खडबडीत असतात. दोन कुंचल्यांचे केस एकमेकांत रुतावेत तसे ते रुततात, आणि म्हणून अडते.

घर्षणामागचे कारण असे कुठे उलगडू लागले. पण तेल नेमके करते काय, हे अजून कोणी पाहिले नव्हते. ते उघडकीस आले मोठ्या गमतीने. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर नावाचा इंजिनिअर आगगाडीच्या आसासारखा आस तेलात फिरवून घर्षण मोजीत होता. आसावर बसणाऱ्या पितळी टोपणाला त्याने तेलासाठी वरून भोक पाडले. पाहतो तो तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर उसळते आहे! त्याने बूच मारले, बूच उडाले. मग दाबमापक लावला, तर काटा पार टोकाला जाऊन बसला. याचा अर्थ असा की फिरता आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, तेलाचा एक पातळ पडदा तयार होतो, आणि वरचे सारे ओझे त्या पडद्यावर तरंगते. धातू धातूला शिवतच नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये या पडद्याचे गणित मांडून दिले. ते आजही चालते.

म्हणजे जगातली सारी चाके तेलाच्या पडद्यावर तरंगत असतात. तो पडदा गेला की काय होते ते सांगायला मला पुस्तकाची गरज नाही.

* * *

१९८९ सालची दिवाळी. मी चौथीत होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, बैलगाडी होती. लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव, लोखंडी आस. सर्जा आणि राजा अशी खिलारी जोडी. गाडीखाली वंगणाची वेळूची नळी टांगलेली असे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आबांनी मला पाच रुपये दिले आणि सांगितले, "तेल्याकडनं एरंडेल आण आन्‌ दोन्ही चाकांस्नी वंगण घाल. उद्या शेंगा घिऊन बाजारला जायाचं हाय."

तेल्याच्या घराच्या वाटेवर फटाक्यांचे दुकान लागे. मी एरंडेल आणले नाही. लवंगी फटाक्यांची माळ, दोन भुईचक्रे आणि टिकल्यांच्या डब्या आणल्या आणि कडब्याच्या गंजीत लपवून ठेवल्या. संध्याकाळी आबांनी विचारले, "वंगण घातलंस का रं?" मी म्हणालो, "व्हय आबा."

दुसऱ्या दिवशी शेंगांची पोती भरून गाडी निघाली. मी पोत्यांवर बसलो होतो. चाक पहिल्यापासूनच रडत होते. आबा एकदोनदा मागे वळून पाहत, पण बाजार गाठायचा होता. खिंडीच्या चढावर उजव्या चाकातून करपल्याचा वास आला, मग एक किंकाळी फुटल्यासारखा आवाज झाला आणि चाक जागीच आवळले. आस मोडला. गाडी कलली, जू मुरगळले आणि सर्जा गुडघ्यावर कोसळला.

आबांनी आधी सर्जाला सोडवले. मग चाक ओढून काढले. आसावर खोल, चकचकीत चऱ्या पडल्या होत्या. त्यांनी गाडीखालची नळी काढून हलवली. ती कोरडी होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझा हात धरून त्यांनी माझे बोट त्या आसापाशी नेले. लोखंड अजून पोळत होते.

"बघ," ते म्हणाले, "त्याल नसलं की लोखंड लोखंडाला खातं."

एवढेच. रागावले नाहीत, मारले नाही, घरी कोणाला सांगितलेही नाही. त्या वर्षी नव्या आसापायी घरात कोणालाच नवे कपडे झाले नाहीत. सर्जा पुन्हा जुवाखाली उभा राहिला नाही. लंगडा बैल विकून टाका असे सगळ्यांनी सांगितले, पण आबांनी त्याला विकले नाही. पुढची सहा वर्षे, तो मरेपर्यंत, गोठ्यात बसवून वैरण घातली. फटाके मी उडवले नाहीत. पावसाळ्यात गंजी मोडली तेव्हा ते भिजून लगदा झालेले सापडले, आणि आबांनी तो लगदा मुकाट्याने उकिरड्यावर टाकला.

* * *

लोखंड लोखंडाला खाते, हे आबांचे वाक्य शब्दशः खरे आहे. केंब्रिजच्या बोडेन आणि टेबर या दोघा शास्त्रज्ञांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेच सविस्तर मांडले आहे. दोन धातू एकमेकांवर ठेवले की ते सगळीकडे टेकतात असे आपल्याला वाटते. खरे पाहता टेकतात ती केवळ काही सूक्ष्म शिखरे. सारा भार त्या शिखरांवर येतो, ती चेपतात आणि एकमेकांना अक्षरशः सांधली जातात. धातू सरकला की सांधा तुटतो आणि एकाचा लचका दुसऱ्याला चिकटून जातो. आमच्या आसावरच्या चऱ्या म्हणजे हेच लचके.

मग प्रश्न असा की तेल संपले, आटले किंवा कोणी नाठाळ पोराने घातलेच नाही, तर त्या वेळेपुरती तरी धातूने आपली आपण काळजी घ्यावी, अशी काही तजवीज करता येईल का? बखरीचा उत्तरार्ध या प्रश्नाचा आहे.

पहिले उत्तर दिले आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन सोनाराने. १८३९ मध्ये त्याने कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे अस्तर असलेल्या बेअरिंगचे पेटंट घेतले. या धातूत मऊ कथलात कठीण कण रुतलेले असतात. कठीण कण भार पेलतात, मऊ कथील पडते घेते, कचरा आला तर पोटात घेते, आणि तेल तुटलेच तर स्वतः वितळून आसाला वाचवते. संसारात एक कडक आणि एक मऊ असले म्हणजे घर चालते, तशातलाच हा प्रकार. आगगाड्यांचे युग सुरू होत होते. आपल्याकडे १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्या युगातल्या कितीतरी आसांना आणि इंजिनांना या पांढऱ्या धातूने वाचवले.

दुसरे उत्तर तुमच्या आमच्या दप्तरात आहे. इंग्लंडमधल्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात एक काळा, मऊ, हाताला निसरडा लागणारा दगड सापडला. धनगर त्याने मेंढरांवर खुणा करीत, अशी दंतकथा आहे. पुढे तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून हा दगड फासू लागले. मग त्याची किंमत एवढी वाढली की १७५२ साली तो खाणीतून चोरणे हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा पार्लमेंटने केला. लोक त्याला शिशाचा प्रकार समजत. १७७९ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने तो निव्वळ कार्बन असल्याचे दाखवले, म्हणजे कोळशाचा आणि हिऱ्याचा सख्खा भाऊ. दहा वर्षांनी वेर्नर याने त्याला ग्राफाइट असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्या धातूचा अर्थ लिहिणे. आपण मात्र अजून 'शिसपेन्सिल'च म्हणतो. शिसे तिच्यात औषधालाही नाही!

ग्राफाइटची रचना पत्रावळीच्या चवडीसारखी असते. प्रत्येक पान फार बळकट, पण पानापानांतली पकड सैल. बोटाने लोटले की वरचे पान सरकते. कागदावर अक्षर उमटते ते असे पान सरकल्यामुळे, आणि चाक निसरते तेही त्यामुळेच. यात एक गोम आहे. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांच्या वीजयंत्रांतले कार्बनचे ब्रश पाहता पाहता भुकटी होऊन जाऊ लागले. जमिनीवर पुष्कळ टिकणारी वस्तू आकाशात टिकेना. रॉबर्ट सॅव्हेज याने १९४८ मध्ये कारण प्रसिद्ध केले. ग्राफाइट निसरडे राहते ते हवेतल्या दमटपणामुळे, आणि उंचावरच्या हवेत तो दमटपणा नसतो. म्हणजे ज्याला आपण वंगण म्हणतो त्यालाही थोडा ओलावा लागतोच.

या सगळ्या विद्येला नाव मिळाले ते १९६६ मध्ये. पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला की, घर्षण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिले तर उद्योगांचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. त्या अहवालाने 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द रूढ केला. मराठीत घर्षणविद्या म्हणू. २०१७ मध्ये होल्मबर्ग आणि एर्देमीर या दोघांनी हिशेब मांडला, त्यानुसार जग जेवढी ऊर्जा वापरते तिच्यातला सुमारे २३ टक्के वाटा घर्षणाशी झगडण्यात आणि झिजलेले भाग नव्याने करण्यात जातो. रुपयातले जवळजवळ चार आणे गेले ते असे.

* * *

आता त्या चकतीकडे वळू. पत्रावळीच्या चवडीतले एकच पान सोडवून घेतले तर? २००४ साली मँचेस्टर विद्यापीठातल्या आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोवोसेलोव यांनी ते करून दाखवले, तेही साध्या चिकटपट्टीने! पट्टी ग्राफाइटला चिकटवायची, ओढायची, पुन्हा दुमडून चिकटवायची, पुन्हा ओढायची. होता होता एका अणूच्या जाडीचे पान हाती आले. तेच ग्राफीन. २०१० मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गाइम हा असा वल्ली की त्याने आधी चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवून दाखवला होता. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये अशी तीस लाख पाने मावतात. नोबेलच्या पत्रकात एक मजेदार हिशेब आहे. एक चौरस मीटर ग्राफीनचा पाळणा केला तर त्यात चार किलोंचे मांजर झोपेल, आणि पाळण्याचे वजन मांजराच्या एका मिशीएवढे भरेल.

एवढे बळकट आणि एवढे निसरडे पान धातूत मिसळले की काम झाले, असे वाटते. पण तसे नसते. ही वाटही जुनी आहे आणि तीत आपल्या एका देशबंधूचा मोठा वाटा आहे. ग्राफाइट वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये टाकले तर धातू त्याला भिजवीतच नाही. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही तसे. १९६० च्या दशकात प्रदीप रोहतगी यांनी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत ग्राफाइटच्या कणांना निकेलचा मुलामा चढवून ते ॲल्युमिनियममध्ये मिसळून दाखवले. पुढे भारतात परतून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी हे काम चालू ठेवले.

ग्राफीनची नखरेबाजी तर याहून जास्त. त्याची पाने एकमेकांना बिलगून गोळे होतात. म्हणून धातूची भुकटी आणि ग्राफीन पोलादी गोळ्यांबरोबर डब्यात घालून घुसळतात आणि मग दाबून, तापवून घट्ट करतात. फार घुसळले तर पाने फाटतात. फार तापवले तर कार्बन ॲल्युमिनियमशी संयोग पावून ठिसूळ कार्बाइड होते. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ग्राफीन घातलेले ॲल्युमिनियम साध्या ॲल्युमिनियमपेक्षाही दुबळे निघाले ते याच कारणाने. पण सारे बेताने जमले, तर घासता घासता धातूतली पाने वर येतात, पसरतात आणि दोन धातूंच्या मध्ये काळसर पापुद्रा धरतात. झिजता झिजताच वंगण तयार होते. प्रमाण जास्त झाले की गोळ्यांच्या ठिकाणी भेगा पडतात आणि झीज उलट वाढते. मीठ कमी पडले तर भाजी अळणी, जास्त पडले तर खारट.

"मग गुरुजी," पोरगा मला म्हणाला, "माझी चार वर्षे गेली ती मीठ किती घालायचे हे ठरवण्यात."

मी विचारले, "अशा धातूचा आस केला, तर तेल न घालताही गाडी चालेल?"

तो हसला. "कायमची नाही हो. पण तेल संपले तर घरी पोचेपर्यंत दम धरील, एवढे जरी साधले तरी पुष्कळ झाले."

घरी पोचेपर्यंत! खिंडीपासून आमचे घर दोन कोसांवर होते.

आबा २००१ साली वारले. त्यांना सांगायला मला बारा वर्षे मिळाली होती. रोज उद्यावर ढकलले. त्यांना सारे ठाऊक होते हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. तरी ते दोन शब्द मी बोललो नाही. माणसामाणसांतही तेलाचा एक पडदा लागतो, आणि तो ज्याचा त्याने घालायचा असतो, हे मला उशिरा कळले.

ती चकती पोराने माझ्याकडेच ठेवली आहे. या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी तेलाची बुधली मुलाच्या हाती देणार आहे आणि सायकलची साखळी दाखवता दाखवता त्याला सर्जाची गोष्ट सांगणार आहे. तोवर हा अंक आलेला असेल. न जाणो, तो आधी वाचेल. तसे झाले तरी चालेल.